डी अँड डी : पार्टीकडे साठलेल्या सोन्याचं करायचं काय?

खाडीकाठ (धागाकर्ता)

आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र होऊन फासे टाकत खेळायचा खेळ) गट रविवारी दुपारी ठाण्यात जमतो. दोघं घोडबंदर रोडचे, एक ऐरोलीहून येतो, एक खारघरहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून. मी डीएम (डंजन मास्टर), म्हणजे जग आणि गोष्ट मांडणारा. नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ ची पुस्तकं. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, अकराव्या लेव्हलला पोचली आहे आणि नुकतीच त्यांनी दलदलीतल्या काळ्या ड्रॅगनची गुहा रिकामी केली. पुस्तकातला खजिन्याचा तक्ता अशा ड्रॅगनच्या साठ्याला सरासरी १४,००० सोन्याची आणि १,७५० प्लॅटिनमची नाणी देतो. प्लॅटिनमचं सोनं करून धरलं तर एकूण ३१,५०० जीपी (सोन्याची नाणी), रत्नं वेगळी.

आता अडचण ऐका. फायटरच्या (लढवय्याच्या) अंगावर १,५०० चं प्लेट आर्मर आधीच आहे. हीलिंग पोशन (जखमा भरणारं औषध) ५० ला मिळतं. चौघंही रोज 'कम्फर्टेबल' थाटात राहिली, तरी माणशी २ जीपीप्रमाणे हा पैसा दहा वर्षांहून जास्त पुरेल. इतकं सोनं पात्राच्या नोंदीच्या शीटच्या कोपऱ्यात नुसता आकडा बनून पडून राहिलं, की पुढच्या खजिन्याचं कुणाला काही वाटत नाही. शोधायला निघालेली माणसं शोधून काय आणतात याला अर्थ राहावा, एवढीच माझी इच्छा आहे.

तुमच्या टेबलांवर कॅरेक्टर्स पैसे कशावर खर्च करतात? दुकानातून जादूची तलवार घेतली आणि विषय संपला, यापलीकडचं काही हवंय. सविस्तर लिहा, घाई नाही.

वीसतोंडी

जादूच्या तलवारीला इतक्या लवकर बाजूला सारू नका. अकराव्या लेव्हलपर्यंत जीव धोक्यात घालून पोचलेल्या माणसाला ताकद विकत घ्यावीशी वाटणारच. २०२४ च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये जादूच्या वस्तूंचे दुर्मिळतेनुसार ठरलेले भाव आहेत: कॉमन १००, अनकॉमन ४००, रेअर ४,०००, व्हेरी रेअर ४०,०००, लेजंडरी २ लाख. माणशी एक रेअर वस्तू घेतली की तुमचे १६,००० गेले. निम्मा प्रश्न तिथेच मिटला.

उरलेले मंत्रसाहित्यात घाला. मेलेल्याला उठवणारे मंत्र घ्या: रिव्हिव्हिफायला ३०० चे हिरे, रेझ डेडला ५०० चा हिरा, दोन्ही वापरले की संपले. तुमच्याकडे क्लेरिक (देवाच्या कृपेने मंत्र चालवणारं पात्र) असेल, तर त्याला आता हीरोज फीस्ट हा मेजवानीचा मंत्र मिळाला असेल. त्याला १,००० चं रत्नजडित भांडं लागतं, आणि तेही दर वेळी नवं. बारा जणांना विषाची आणि भीतीची बाधा होत नाही, मोठ्या लढाईआधी याहून चांगला खर्च नाही. विझार्डला (जादूगाराला) वहीत मंत्र उतरवायला मंत्राच्या दर पातळीमागे ५० जीपी आणि दोन तास लागतात, म्हणजे पाचव्या पातळीचा एक मंत्र २५० ला पडतो.

यात डीएमच्या हातात एक छान गोष्ट आहे. हिऱ्याची किंमत पुस्तकात आहे, पण शहरात हिरे किती आहेत हे तुम्ही ठरवता. एका सराफाकडे दोनच हिरे असतील आणि तिसऱ्यासाठी महिनाभर थांबावं लागणार असेल, तर पैसा असूनही माणूस काळजीत पडतो.

जुना_फासा

मी नव्वदच्या दशकापासून जुन्या आवृत्त्या खेळतोय, त्यामुळे थोडं मागे जाऊन सांगतो. हा प्रश्न आज का पडतो, ते तिथे कळतं.

१९७४ चा मूळ खेळ आला तेव्हा सोनं हाच अनुभव होता. अंधारकोठडीतून बाहेर आणलेलं एक सोन्याचं नाणं म्हणजे एक एक्सपी (लेव्हल वाढवणारा अनुभवाचा गुण). त्या मानाने राक्षस मारून कमी मिळायचं, म्हणून शहाणी पार्टी लढाई टाळून खजिना पळवायची. पहिल्या अ‍ॅडव्हान्स्ड आवृत्तीत वरची लेव्हल चढायला गुरूकडे शिकावं लागे आणि त्याची फी होती लेव्हलगुणिले १,५०० जीपी, दर आठवड्याला! तिसऱ्या लेव्हलच्या माणसाला आठवड्याचे ४,५००. पैसे साठायचेच नाहीत. नवव्या लेव्हलच्या आसपास फायटर किल्ला बांधायचा, त्याच्याकडे आपोआप शिपाई यायचे आणि खेळ भुयारातून राज्यकारभारात शिरायचा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने सोन्याचा एक्सपी ऐच्छिक केला, पुढे तो गेलाच. सोनं मिळणं चालू राहिलं, त्याच्या जाण्याच्या वाटा तेवढ्या बुजल्या.

खेळाच्या दोन जनकांपैकी डेव्ह आर्नेसनच्या टेबलावर आणखी एक गंमत होती: सोनं नुसतं आणून भागायचं नाही, ते खर्च करावं लागायचं, आणि तेही कॅरेक्टरच्या आवडीच्या गोष्टीवर. मला तोच नियम सगळ्यात पटतो. खाडीकाठ, तुम्ही एवढंच जाहीर करा की दुसऱ्या कुणासाठी किंवा स्वतःच्या छंदासाठी उडवलेल्या प्रत्येक नाण्याला थोडा एक्सपी मिळेल. कवचं, तलवारी, पोशनं यातून वगळा. मग बघा कुणाला काय आवडतं ते. आमच्याकडे एका रॉगने (चोरट्या पात्राने) सगळी कमाई एका अंध वादकाच्या मैफली भरवण्यात घालवली होती. तो रॉग चालवणाऱ्या पोराला संगीत आवडतं, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं.

सोनचाफा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. खारघरहून येणारी क्लेरिक ती मीच, त्यामुळे थोडी आतली बाजू मांडते.

मला माझ्या देवीसाठी देऊळ बांधायचंय. पुस्तकात देवळाचा खर्च ५०,००० जीपी आणि ४०० दिवस आहे, तेवढे आमच्याकडे नाहीत. पण देऊळ एकदम कुठे उभं राहतं? आपल्या जिल्ह्यातलं अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहारांचं. त्यांची राजधानी स्थानक म्हणजे आपलं ठाणं. शिलाहारांचे ताम्रपट वाचले की कळतं, दान देणं हे केवढं तपशिलाचं काम होतं. गाव कुठलं, पूर्वेला कोणाची हद्द, पश्चिमेला कुठला ओढा, कोणाला दिलं, कशासाठी दिलं. हे सगळं खेळात जसंच्या तसं चालतं. मी एक शेत विकत घेऊन त्याचं उत्पन्न देवीच्या दिव्याला लावून दिलं, तर त्या शेताचा कुळ, त्याचा शेजारी, हद्दीवरून भांडणारा भाऊ अशी सगळी माणसं डीएमला आयती मिळतात.

आणि गद्धेगळ! उत्तर कोकणात हे दगड सापडतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली दान मोडणाऱ्याला शाप. आपल्या जगात तो शाप नुसता कोरलेला असतो, खेळात तो खराच लागू शकतो. ग्लिफ ऑफ वॉर्डिंग या राखणीच्या मंत्राला २०० जीपीची हिऱ्याची पूड लागते आणि मंत्र सुटेपर्यंत टिकतो. दगड दहा फुटांपेक्षा जास्त हलवला की मंत्र मोडतो. म्हणजे दगड हलवू न देण्यासाठी राखणदार आला. त्याचा पगार आला. अप्रशिक्षित माणसाला दिवसाला २ चांदीची नाणी, महिन्याला ६ जीपी. एवढ्याशा पैशात एका म्हाताऱ्याचं घर चालतं आणि माझ्या क्लेरिकला परत यायला एक गाव मिळतं. मला हे कुठल्याही अंगठीपेक्षा जास्त हवं आहे.

गडांवरचा

किल्ल्याचा विषय निघालाच आहे तर माझी दोन नाणी. आमच्या कॅम्पेनमध्ये (कळवा आणि बेलापूरची मंडळी) गेलं वर्षभर एक गढी चालू आहे.

दर आधी सांगतो. लहान किल्ला ५०,००० आणि ४०० दिवस, मोठा राजवाडा ५ लाख आणि १,२०० दिवस. तुमच्या बजेटमध्ये बसणारी म्हणजे चौकी, १५,००० आणि १०० दिवस. व्यापारी ठाणं ५,००० आणि ६० दिवस. बांधकाम चालू असताना मालक जागेवर नसेल, तर गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसामागे तीन दिवस वाढतात. दहा दिवस मोहिमेवर गेलात की काम महिन्याने लांबलं. हा नियम बहुतेक जण वगळतात, मी म्हणेन ठेवाच. कारण मग प्रश्न पडतो की आपल्यामागे कामावर लक्ष कोण ठेवणार.

याचं उत्तर आपल्याकडे तयार आहे. शिवकाळात गड एका माणसाच्या हाती नसे. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, सरनोबताकडे शिबंदी, शिवाय कोठाराला कारखानीस. एकाने फितुरी करायची म्हटलं तरी बाकीचे आड येणार. आम्ही गढीवर हीच रचना लावली आणि प्रत्येक खेळाडूला एकेक अधिकारी चालवायला दिला. मुख्य कॅरेक्टर्स मोहिमेवर असताना महिन्यातून एकदा अर्धा तास या अधिकाऱ्यांची बैठक होते. आमच्या सबनिसाला कोठारातल्या गव्हाचा मेळ लागेना तेव्हा कारखानीस चालवणारी मुलगी खरोखर रागावली. तिने पुढच्या वेळी वहीत पोत्यांची नोंद करून आणली, घुशींनी खाल्लेली पोती वेगळी दाखवून. त्या वहीतूनच आम्हाला तळघरातली चोरवाट सापडली.

चौकीला २० कुशल आणि ४० साधी माणसं लागतात, दिवसाचा खर्च ५० जीपी. महिन्याला १,५००. त्यामुळे सोनं साठून राहण्याची चिंता मिटते आणि पुढच्या मोहिमेचं कारणही तयार राहतं.

वीसतोंडी

गडांवरचा, रचना आवडली, पण एक शंका आहे. रविवारचे चार तास मिळतात. त्यात पगारपत्रक आणि गव्हाची पोती आली, तर ज्याला फक्त फासे टाकून लढायचंय त्याचं काय? आमच्या टेबलावर दोघं असे आहेत की हिशेब काढला की मोबाइल काढतात. २०२४ च्या पुस्तकातल्या बॅस्चनमध्ये (पात्रांच्या स्वतःच्या तळात) खास दालनं लेव्हलप्रमाणे आपोआप मिळतात, त्यांना सोनं लागत नाही. ते उगाच केलेलं नाही.

गडांवरचा

शंका रास्त आहे. आम्ही हिशेब टेबलावर करत नाही, आठवडाभरात व्हॉट्सॲपवर होतो. टेबलावर येतो तो फक्त त्यातून निघालेला पेच: शिबंदी पगार मागतेय, कोठारात धान्य नाही, दारात शेजारचा सरदार उभा आहे. लढणाऱ्यांनाही त्यात लढाई मिळते, आणि ती स्वतःच्या भिंतीसाठी असते. बॅस्चन मी वापरून पाहिलं. सोपं आहे, पण फुकट मिळालेल्या दालनासाठी आमच्यातलं कुणी जिवावर उदार झालं नाही.

ऐरोली_नाका

खाडीकाठच्या टेबलावरचा बार्बेरियन (रानटी योद्धा) मी. दादा, धागा काढलास हे फार बरं केलंस, आता माझं मागणं सगळ्यांसमोर मांडतो.

आपल्या नकाशात शहराच्या समोर खाडी आहे आणि पलीकडे मिठागरं, कोळ्यांची वस्ती, बाकी चिखल. दर सेशनला आपण म्हणतो की पलीकडे काही नाही. मी ऐरोलीत वाढलो. 'पलीकडे काही नाही' हे आमच्या भागाबद्दलही म्हटलं जायचं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला आणि पलीकडे शहर उभं राहिलं. मग आपल्या पार्टीने पलीकडे गाव का वसवू नये? पूल आपल्याला परवडणार नाही, पण माणसं पलीकडे नेणारी होडी परवडते. साधी होडी ५० ला, कीलबोट (मोठी होडी) ३,००० ला. व्यापारी ठाणं ५,०००. उरलेल्यात धक्का, विहिरी, रस्ते. हातपाय चालवणारी चाळीस माणसं महिनाभर लावली तर २४० जीपी होतात. ड्रॅगनच्या पैशात अख्खं बंदर होईल.

आता महत्त्वाचं. जमीन सरदाराकडून विकत घेऊ म्हणशील, पण तिथे माणसं राहतात. नवी मुंबईत जमिनी गेलेल्या भूमिपुत्रांचा लढा दि. बा. पाटलांनी चालवला, १९८४ ला जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. माझा बार्बेरियन स्वतः हुसकावलेल्या टोळीतला आहे. तो म्हणतो, बंदराच्या प्रत्येक आठ प्लॉटमागे एक वस्तीचा, तोही धक्क्यालगतचा, मागच्या चिखलातला नाही. यावर पार्टीत मतभेद होणार हे मला माहीत आहे. व्हावेत. सोनं खर्च करताना आपण एकमेकांशी भांडलो नाही तर ते सोनं आपलं नव्हतंच.

सोनचाफा

माझ्या क्लेरिकचा पाठिंबा. पण आठवा हिस्सा पुरेसा का, हे वस्तीला विचारून ठरवू. आपण चौघांनी आपसात ठरवलं, तर सरदारात आणि आपल्यात फरक काय राहिला?

जुना_फासा

धाग्याने फार छान वळण घेतलं. एक गोष्ट विसरू नका. गाव वसवायचं तर ओळखी लागतात, आणि त्याही पैशाने होतात. २०१७ च्या झॅनाथार्स गाईडमध्ये आठवडाभर लोकांत मिसळण्याचे दर आहेत: गरीब वस्तीत १०, मध्यमवर्गात ५०, उमरावांत २५०. फासा चांगला पडला तर मित्र मिळतात, वाईट पडला तर शत्रू. कोळीवाड्यात १० जीपी खर्चून आठवडा काढणारा पार्टीला जी बातमी आणून देईल, ती २५० वाल्याला मिळणार नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सेशन झालं, ते सांगतो.

मी ऐरोली_नाकाचं मागणं जसंच्या तसं घेतलं. वस्तीच्या पाटलीणबाईंबद्दल मी आधी फारसं काही ठरवलं नव्हतं, फक्त त्यांच्या हातात मासळीची पाटी होती आणि त्यांनी ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. बार्बेरियनने आठवा हिस्सा सांगितला. त्यांनी विचारलं, "धक्का बांधल्यावर आमच्या होड्या कुठे लावायच्या?" टेबलावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. पुढचा दीड तास चौघांनी कागदावर खाडीची आखणी केली: भरतीची रेघ, जाळी वाळवायची जागा, कीलबोटीला लागणारं खोल पाणी. धक्का उत्तरेला सरकला. तिथे तळ खडकाळ, म्हणून खर्च १,२०० ने वाढला आणि एकानेही कुरकुर केली नाही. फासा फक्त दोनदा पडला. वीसतोंडी, ज्याला लढायचंच असतं तो आमचा फायटरसुद्धा पेन्सिल घेऊन बसला होता!

सरदाराचा कारभारी मात्र आठव्या हिश्शावर अडून बसलाय. सनदेत त्याने 'सरदाराच्या मर्जीने' अशी ओळ घुसवली, ती सोनचाफाच्या लक्षात आली. तिने गद्धेगळ मागवला आहे. पुढची लढाई त्या दगडावरून होणार हे दिसतंय.

आता एक व्यावहारिक अडचण. या नियमांत ५० नाण्यांचं वजन एक पौंड. आमची १५,७५० नाणी म्हणजे ३१५ पौंड, सुमारे १४३ किलो. २० स्ट्रेंग्थ (ताकद) असलेला माणूस ३०० पौंड उचलतो. बॅग ऑफ होल्डिंग या जादूच्या पिशवीत मावतं, पण ती पिशवी आणि विझार्ड दोघंही दुसऱ्या शहरात आहेत. कारागिरांना पैसे पोचवायचे कसे?

गडांवरचा

हुंडी. एका शहरात पेढीवर सोनं भरायचं, दुसऱ्या शहरातल्या पेढीने कागद बघून पैसे द्यायचे. दर्शनी हुंडी दाखवताच वटते, मुदतीची ठरल्या दिवसांनी. कारागिरांना मुदतीची द्या, म्हणजे काम पुरं झाल्यावरच पैसे हातात पडतील. पेढीला हुंडणावळ किती, ते घासाघीस करून ठरवा, आणि पेढीवाल्याला नाव-गाव-कुटुंब द्या. पार्टीची सगळी पुंजी ज्याच्याकडे आहे तो माणूस खलनायकाइतकाच नीट रंगवायला हवा.

वीसतोंडी

टेबलावर दीड तास आखणी चालली हे वाचून माझी शंका बरीचशी फिटली. आमच्याकडेही करून बघतो.

विझार्डचा विषय निघाला म्हणून सांगतो. नव्या बंदरात कायमचं टेलिपोर्टेशन सर्कल (दुरून क्षणात येऊन पोचायचं जादूचं वर्तुळ) करा. एका वेळेला ५० जीपीची रत्नमिश्रित खडू-शाई, एकाच जागी रोज, वर्षभर. ३६५ दिवसांचे १८,२५०. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तुमचा विझार्ड मोहिमेवर जाणार, म्हणजे हे काम करणारा, किमान नवव्या लेव्हलचा दुसरा जादूगार वस्तीत वर्षभर ठेवावा लागेल. कुशल माणसाच्या २ जीपी रोजावर तो येणार नाही. त्याला काय हवंय, ते आधी विचारून या.

ऐरोली_नाका

त्याला धक्क्यालगतचा प्लॉट हवा असेल तर मिळणार नाही. ते सगळे वाटून झालेत. बाकी बोलायला आम्ही तयार आहोत.